फरशी पुसणारी आया आणि न विचारलेला प्रश्न

"लग्नाला दीड वर्ष झालंय. नवरा शांत, कामसू, घरात मदत करणारा. एकच गोष्ट कळत नाही. शनिवारी रात्री जेवणं आटोपली की तो चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे इटालियन भुताटकीच्या घरांचे सिनेमे लावतो. तेच ते, पुन्हा पुन्हा. माझं आजोळ कोकणातलं, भुताच्या गोष्टी ऐकतच मोठी झाले, त्यामुळे मी काही भित्री नाही. पण या सिनेमांना शेंडा ना बुडखा. ओठ एक बोलतात, आवाज दुसराच येतो. परवा एकात मुलाला सांभाळायला आलेली आया स्वयंपाकघरात फरशीवरचं रक्त पुसत होती. मालकीण आत आली, 'काय करतेयस?' म्हणाली. आया म्हणते, 'कॉफी केलीय.' आणि मालकीण गप्प! मी इतकी हसले की पोट दुखायला लागलं. नवरा उठून आत गेला आणि दोन दिवस धड बोलला नाही. त्या रक्तात आणि फुटलेल्या डोळ्यांत त्याला मिळतं काय? त्याच्या मनात काही वेडंवाकडं तर नाही ना? सासूबाई म्हणतात, मूल झालं की आपोआप बंद होईल."
– तळघरात अडकलेली, पुणे

अहो तळघरातल्या बाई,

सासूबाईंचा तोडगा आधी बाजूला ठेवू. तुम्ही ज्या सिनेमाला हसलात त्यातही घरात लहान मूल आहे. त्याच्यामुळे काही बंद होत नाही. उलट शेवटी तळघरात अडकतं ते तेच.

सिनेमा मी ओळखला. इटालियन दिग्दर्शक लुचो फुल्चीचा 'द हाउस बाय द सिमेट्री', १९८१ सालचा. त्याच वर्षी त्याचा 'द बियाँड' आला, त्याच्या आदल्या वर्षी 'सिटी ऑफ द लिव्हिंग डेड'. तिन्हींत नायिका एकच, कात्रियोना मकॉल. तुमच्या नवऱ्याच्या कपाटात हे तिन्ही असणार, पैज लावते.

तुम्ही हसलात यात काही चुकलं नाही. तो प्रसंग पाहून जगभर लोक हसतात, त्या सिनेमावर जीव टाकणारेही हसतात. पण हसू ओसरल्यावर तो प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे आणून बघा. सकाळची वेळ आहे. आदल्या रात्री त्या घरात एका बाईचा खून झालाय, हे आपल्याला माहीत आहे. आया मुकाट्याने फरशी पुसतेय. घरच्या बाईला दिसतंय की काहीतरी पुसलं जातंय. ती एक प्रश्न विचारते, उत्तर भलतंच येतं, आणि ती ते उत्तर घेऊन पुढे जाते. आपल्याकडे याच जागी 'चहा टाकते' म्हणतात. दिवाणखान्यात भांडण होतं, कुणीतरी रडून उठतं आणि कुणीतरी म्हणतं, 'चहा टाकते.' फरशीवर काय सांडलं होतं हे त्या घरात पुढची तीस वर्षं कुणी काढत नाही. मी अशा दोन घरांत राहिले आहे, त्यातलं एक माझं सासर.

फुल्चीला हे सगळं म्हणायचं होतं असा माझा दावा नाही. कदाचित मधला एखादा संवाद कापला गेला असेल, कदाचित त्याने त्याची फिकीरच केली नसेल. पण पडद्यावर जे उरलं ते असं आहे, आणि ते डोक्यातून जात नाही. या सिनेमांची गोडी मला तरी अशाच जागी लागली.

तुम्ही कोकणातल्या गोष्टी ऐकून वाढलात म्हणता, म्हणून तुमच्याच अंगणातून सुरुवात करते. आपल्या भुताला हिशेब असतो. कुणाची जमीन लाटलेली असते, कुणी बाळंतपणात गेलेली असते, कुणाचं कार्य नीट झालेलं नसतं. राखणदाराला त्याचा मान हवा असतो. मान द्या, नारळ द्या, चूक कबूल करा, की ते वाटेतून बाजूला होतं. आपला हिंदी भयपटही तसाच. रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'मध्ये शापाला कारण आहे आणि सामरी नावाच्या सैतानाला आवरायला त्रिशूळ आहे. देणं-घेणं चुकतं झालं की सकाळ होते.

फुल्चीच्या घरात देणंघेणंच नाही. 'द बियाँड'मधल्या लिझाला लुइझियानात एक जुनं हॉटेल वारशाने मिळतं. तिने कुणाचं काही वाईट केलेलं नाही. तिला ते रंगवून, दुरुस्त करून चालू करायचंय, बस. १९२७ साली तिथे जमावाने एका चित्रकाराला हाल करून मारलं, पण त्याच्याशी तिचा काय संबंध? घराला तिच्याकडून माफी नको, पूजा नको, नारळ नको. तळघरात नरकाचं एक दार आहे आणि ते उघडतं, एवढंच. तुम्ही गोष्टीचा शेंडा-बुडखा शोधत होतात, म्हणजे खरं तर हिशेबाची वही शोधत होतात. ती वहीच तिथे नाही. तुमच्या नवऱ्याला बहुधा याचंच सुख आहे. ज्या माणसाचा आठवडा कारणं देण्यात आणि कारणं ऐकण्यात जातो, त्याला शनिवारी दोन तास कारण नसलेली भीती आवडू शकते. तुमचे हे काय काम करतात ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण पुण्यात पगारी नोकरी आहे म्हणजे कारणं आलीच.

आता ओठांचं. त्या काळच्या इटलीत सिनेमाचा आवाज बहुतेक वेळा मागाहून भरत. नट निरनिराळ्या देशांतले, चित्रीकरणाच्या वेळी कुणी इंग्रजीत बोलतोय, कुणी इटालियनमध्ये. नंतर प्रत्येक बाजारपेठेसाठी स्टुडिओत आवाज चढवायचे. त्यामुळे इंग्रजी आवृत्ती नकली आणि इटालियन अस्सल, असंही नाही, दोन्हीकडे आवाज चिकटवलेलेच. 'सिमेट्री'मधल्या बॉब नावाच्या पोराला इंग्रजीत जो आवाज दिलाय तो ऐकून मला आजही कानात बोळे घालावेसे वाटतात, त्यावर रसिकांचंही दुमत नाही. पण बाकी पात्रांचं बघा. माणूस इथे, त्याचा आवाज हातभर अंतरावर. भूत याहून वेगळं काय असतं? पैशाच्या आणि सोयीच्या हिशेबाने केलेल्या गोष्टीतून अंगावर काटा आला, हे या सिनेमांत सारखं होतं.

घरांचंही तसंच झालंय. 'सिमेट्री'मधलं घर बाहेरून मॅसॅच्युसेट्समधल्या सिच्युएट गावातलं खरं घर आहे. 'द बियाँड'चं हॉटेल लुइझियानातल्या मॅडिसनव्हिलचं, ओटिस हाउस. पण आतल्या बऱ्याचशा खोल्या उभ्या केल्या रोममधल्या स्टुडिओत. म्हणजे पात्र अमेरिकेत दार ढकलतं आणि इटलीत पाऊल टाकतं. बाहेरचं घर आणि आतलं घर कधी जुळतच नाही, जिना अपेक्षेपेक्षा खोल जातो, तळघर घराच्या पायापेक्षा मोठं निघतं. 'द बियाँड'च्या शेवटी नायक-नायिका इस्पितळातून पळत एक जिना उतरतात आणि हॉटेलच्या तळघरात पोचतात. गाव ओलांडलं नाही, रस्ता ओलांडला नाही, जिना उतरले आणि पोचले. तर्काने बघितलं तर हा मूर्खपणा. पण स्वप्नात तुम्ही आजोळच्या माजघरातून निघून शाळेच्या वर्गात कधी पोचला नाहीत का?

आणि एक गंमत तुमच्या लक्षात आली नसेल, पण फ्लॅटच्या हप्त्यांत अडकलेल्या कुणालाही ती पटावी. या सिनेमांत संकट येतं ते घरकामातून. 'द बियाँड'मध्ये तळघरात पाणी साचतं म्हणून प्लंबर बोलावतात. तो भिंत उकरतो आणि बिचाऱ्याचा डोळा जातो. दुसरा इटालियन दिग्दर्शक दारिओ अर्जेंतो, त्याच्या 'इन्फर्नो'मध्ये (१९८०) एका मुलीच्या किल्ल्या तळघरातल्या पाण्याने भरलेल्या भोकात पडतात. ती त्या काढायला आत उतरते, तर खाली अख्खा सजवलेला दिवाणखाना बुडालेला, वर झुंबर, भिंतीवर तसबीर. जे दोन-चार प्रसंग मी मरेपर्यंत विसरणार नाही त्यांतला हा एक. किल्ली, गळती, न उघडणारं दार. 'सिमेट्री'त तर हॉलमधल्या सतरंजीखाली थडग्याची शिळा निघते, आणि नवरा बायकोची समजूत घालतो की इकडच्या जुन्या घरांत असं असतंच, थंडीत बाहेरची जमीन गोठते ना! सोसायटीच्या सेक्रेटरीला भिंतीतली ओल दाखवून बघा, याच सुरात उत्तर मिळेल.

अर्जेंतोच्याच 'डीप रेड'मध्ये (१९७५) नायक एका ओसाड बंगल्याचा जुना फोटो बघतो आणि त्याच्या लक्षात येतं की फोटोतली एक खिडकी आता भिंतीवर नाही. खिडकी नाही, म्हणजे तिच्यामागची खोली कुणीतरी बुजवलीय. तो बंगला खराच आहे, तुरीन शहरातला व्हिला स्कॉट, वास्तुविशारद पिएत्रो फेनोल्योने १९०२ साली बांधलेला. चित्रीकरणाच्या वेळी तिथे ख्रिस्ती जोगिणींच्या देखरेखीखाली मुलींचं वसतिगृह होतं. निर्मात्यांनी सगळ्यांना आपल्या खर्चाने समुद्रकाठी सुट्टीवर पाठवलं आणि बंगला मोकळा करून घेतला. मुली रिमिनीच्या वाळूत खेळत असताना त्यांच्या घरात काय चाललं होतं, या कल्पनेवरही एक सिनेमा निघाला असता.

'कल्ट', म्हणजे मोजक्या चाहत्यांनी जिवापाड जपलेला सिनेमा, हा शब्द तुमचा नवरा वापरत असेल, म्हणून त्याबद्दल थोडं. हे सिनेमे आले तेव्हा त्यांची फार कुणी आरती ओवाळली नाही. 'द बियाँड' अमेरिकेत कापून, नाव बदलून, 'सेव्हन डोअर्स ऑफ डेथ' म्हणून लावला. पुरता, न कापलेला तिथल्या चित्रगृहांत पोचला तो थेट १९९८ साली, आणि तो पोचवण्यात अमेरिकन दिग्दर्शक क्वेंटिन टॅरंटिनोचाही हात होता. 'सिमेट्री' ब्रिटनमध्ये 'व्हिडिओ नॅस्टीज' म्हणून ज्या कॅसेटींवर खटले भरले त्यांच्या यादीत गेला. अमेरिकेत त्याची जी पहिली व्हिडिओ कॅसेट निघाली तिच्यात रिळांचा क्रमच उलटासुलटा झाला होता. मुळात गोष्ट सैल, वर रिळं खालीवर! लोकांनी ते तसंच पाहिलं, आपापसांत ताळा लावला, दुसऱ्या देशातली कॅसेट मागवून पडताळलं. ज्याला स्वतः शोधावं लागतं, सांधावं लागतं, लपवून बघावं लागतं, त्याच्यावर जीव जडतो. तुमच्या नवऱ्याच्या वाट्याला बहुधा स्वच्छ केलेल्या प्रती आल्या असणार, पण ती शोधाशोध या सिनेमांच्या अंगाला अजून चिकटून आहे.

(त्यातून इटालियन वितरकांची अक्कल अफाट. अमेरिकेतला 'ईव्हिल डेड' त्यांच्याकडे 'ला कासा', म्हणजे नुसतं 'घर', या नावाने लागला, दुसरा भाग 'ला कासा २'. धंदा झाला म्हटल्यावर इटालियन निर्मात्यांनी ३, ४ आणि ५ घरीच काढले, मूळ सिनेमाशी काडीचा संबंध नसताना. तिसरा उम्बर्तो लेन्झीचा, १९८८ चा, इंग्रजीत 'घोस्टहाउस'. त्यातलं घर ओळखीचं वाटलं तर वाटू द्या, सिच्युएटचंच आहे ते. नवऱ्याने हे तुम्हाला आधी सांगितलं नसेल तर त्याला सांगा आणि त्याचा चेहरा बघा.)

आता रक्त आणि डोळे. इथे मी तुमच्या नवऱ्याची वकिली करणार नाही. या सिनेमांत बायकांना मारताना कॅमेरा जितका रेंगाळतो तितका पुरुषांपाशी क्वचित रेंगाळतो, आणि ते तुम्हाला खुपत असेल तर बरोबरच खुपतंय. 'द बियाँड'मध्ये कोळी एका माणसाचा चेहरा कुरतडतात तो प्रसंग मी नेहमी पुढे ढकलते, किळसेपेक्षा कंटाळ्याने, कारण खऱ्या कोळ्यांमध्ये कापसाचे वाटावेत असे खोटे कोळी स्पष्ट दिसतात. सगळंच कला आहे म्हणून डोक्यावर घ्यायची गरज नाही. शेवटी इस्पितळात जी मुडद्यांची झुंड येते ती जर्मन वितरकांना झाँबी हवे होते म्हणून घातलेली आहे.

पण त्याच्या मनात वेडंवाकडं आहे का? तुमच्या पत्रातून मला तसं काही दिसलं नाही. तो तुम्हाला जबरदस्तीने बसवतो का? तुम्ही घाबरलात तर खिजवतो का? तुम्ही नको म्हटल्यावरही लावतो का? यातलं काही असतं तर मी हे पत्र वेगळं लिहिलं असतं आणि तुम्हाला समुपदेशकाकडे जायला सांगितलं असतं. तुम्ही लिहिलंय की तो उठून आत गेला. म्हणजे दुखावला. आवडीची गोष्ट उघडी करून दाखवली आणि समोरचं माणूस हसलं, की कुणीही दुखावतो. माझ्या यजमानांनी मला एकदा गझला ऐकवल्या होत्या, तेव्हा मी घोरले होते. ते अजून काढतात.

मला तुमच्या पत्रात दुसरीच गोष्ट खटकली. तुम्ही मला विचारलंत, सासूबाईंशी बोललात, पण त्याला विचारल्याचा पत्रात कुठे उल्लेख नाही. दीड वर्ष दर शनिवारी तो तळघरात उतरतोय आणि तुम्ही वरून कॉफी झाल्याचं सांगताय. विचारा की. 'तुला यात काय मिळतं' असं नको, त्या प्रश्नाला पुरुष उत्तर देत नाहीत. बारीक काहीतरी विचारा. पहिला सिनेमा कुठे पाहिलास, कुणाबरोबर, वय काय होतं. कुठल्या घराची सर्वांत भीती वाटली. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थाचं उत्तर होतं की असल्या सिनेमांतला लांब अंधारा बोळ हुबेहूब त्याच्या लहानपणीच्या वाड्यातल्या बोळासारखा आहे, आणि तो वाडा पाडल्यावर त्याला तो बोळ दुसरीकडे कुठे बघायलाच मिळत नाही.

आणि एक शनिवार तुमचा मागून घ्या. सिनेमा तुम्ही निवडायचा, त्याच्याच गोतावळ्यातला, पण तुमच्या चवीचा. मी मारिओ बावाचा 'किल, बेबी... किल!' सुचवेन, १९६६ चा. नाव भयंकर आहे, सिनेमा नाही. एक डॉक्टर शवविच्छेदनासाठी आडगावात येतो आणि प्रेताच्या काळजात नाणं सापडतं. गाव तोंड उघडत नाही. एक लहान मुलगी चेंडू उडवत खिडकीशी येते, आणि ती जिला दिसली ती वाचत नाही. इथे हिशेबाची वहीसुद्धा आहे, गावाने केलेली चूक आहे, अगदी तुमच्या आजोळच्यासारखी. त्यात डॉक्टर कुणाच्या तरी पाठीमागे धावत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो, आणि ती दुसरी खोली पहिलीच असते. पुन्हा, पुन्हा. शेवटी तो त्या पळणाऱ्याला गाठतो, तर तो स्वतःच! याला फारसा पैसा लागलेला नाही, कुठला यंत्रचमत्कार नाही. बावा मुळात कॅमेऱ्याचा माणूस, वडील चित्रपटांची शिल्पं आणि करामती करणारे, त्यामुळे हातचलाखी घरातच. त्याच्या १९७७ च्या 'शॉक'मध्ये एक मूल बोळातून आईकडे धावत येतं, क्षणभर चौकटीखाली जातं, आणि वर उठतो तो तिचा मेलेला नवरा. एकाच शॉटमध्ये. मी सोफ्यावरून उडाले होते.

त्यानंतर पुपी आवातीचा 'द हाउस विथ लाफिंग विंडोज', १९७६. उत्तर इटलीतलं सपाट, उन्हाने करपलेलं गाव. चर्चमधलं एक भित्तिचित्र दुरुस्त करायला एक तरुण येतो. संत सेबास्टियनचा छळ त्यात रंगवलाय, आणि तो रंगवणाऱ्या माणसाबद्दल गावात कुणी धड बोलत नाही. सुरुवात आणि शेवट सोडला तर रक्त फारसं नाही, अंधारही फारसा नाही. आवाती बोलोन्याचा, त्याची भीती किल्ल्यांतून आणि राजवाड्यांतून येत नाही, शेतकऱ्यांच्या घरांतून येते. भर दुपारी, सगळे झोपलेले असताना, मागच्या पडवीत जी भीती वाटते ती ही. तुम्हाला ती माहीत आहे.

हे दोन झाले की फुल्चीकडे परत जा. 'द बियाँड' लावा, पण गोष्ट समजून घेण्याचा नाद सोडून. अनोळखी वाड्यात कुणी एकटं सोडलं तर आपण जसे हिंडू, या खोलीतून त्या खोलीत, तसा बघा. फुल्चीने स्वतःच म्हणून ठेवलंय की त्यात कथानक नाही, एक घर आहे, माणसं आहेत आणि पलीकडून येणारे मुडदे आहेत. नवऱ्याला मधे मधे विचारा, पण सिनेमा थांबवून नको.

इस्पितळातल्या एका दारावर इंग्रजीत पाटी दिसेल, 'डू नॉट एन्ट्री', व्याकरणासकट तशीच ठेवलेली. आणि शेवटाकडे दोघं इस्पितळाच्या लिफ्टमध्ये असताना नायकाच्या पिस्तुलाकडे नीट लक्ष ठेवा. गडी गोळी भरतोय ती नळीच्या तोंडातून! नट डेव्हिड वॉरबेकने चित्रीकरणात मस्करी केली आणि ती तशीच सिनेमात राहिली, शेजारी मकॉल हसू दाबतेय तेही दिसतं. तिथे तुम्ही मोठ्याने हसा. तो उठून आत जाणार नाही.